पाहुण्यांपुरतं औषध

सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की भाऊ आधी रेडिओ लावत, मग इस्त्री. गिऱ्हाइकांना वाटे, म्हातारा गाण्याचा शौकीन आहे. एकदोघांनी तसं बोलूनही दाखवलं, आणि भाऊंनी मान डोलावून ते कौतुक पदरात पाडून घेतलं. खरं म्हणजे त्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दुकानामागे घर होतं, घराच्या मागच्या टोकाला एक खोली होती आणि त्या खोलीत भाऊंची सख्खी बहीण कण्हत पडलेली असे. कण्हणं वाढलं की रेडिओ वाढे. घरातल्या माणसांना रेडिओच्या आवाजावरूनच आत्याची तब्येत कळायची.

दुकान कपडे धुण्याचं, रफूचं आणि इस्त्रीचं. धुणारे शहरात पुष्कळ होते, पण या दुकानाचं नाव झालं ते रफूमुळे आणि रफू करायची आत्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला, सासरच्यांनी हात झटकले आणि ती भावाच्या दारात येऊन उभी राहिली ती कायमचीच. भावाने ठेवून घेतलं, असं सगळे म्हणत. भाऊही म्हणत. तिने उभा जन्म खिडकीपाशी बसून लोकांच्या कोटांची भोकं अशी बुजवली, की घालणाऱ्यालाही जागा सापडू नये. त्या बोटांवर हे घर उभं राहिलं, असं मात्र कुणी कधी म्हटलं नाही. ठेवून घेतलेल्या बाईचे उपकार कसले मानायचे?

आता त्याच वाकून वाकून झिजलेल्या पाठीत रोग उतरला होता. आधी छातीत झाला, तिथून मणक्यात गेला. डॉक्टरांनी नाव स्पष्ट सांगितलं होतं, पण घरात ते नाव उच्चारायचं नाही असा भाऊंचा हुकूम होता. ‘आत्याचं ते’ एवढंच म्हणायचं. कारण घरात छकुली होती, भाऊंची लेक, लग्नाची. वय वाढलं तरी नाव छकुलीच राहिलं. रक्तात आहे म्हणतील, भाऊ सांगत, आज आत्याला झालं, उद्या भाचीला होईल म्हणतील, मग कोण पत्करेल असलं घर? म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून टाकलं होतं, की आत्या दूरच्या नातलगांकडे हवापालटाला गेली आहे. हा हवापालट म्हणजे ती मागची खोली. पूर्वी तिथे गिऱ्हाइकांनी परत न नेलेले कपडे पडून असत.

रेडिओ वाढला की हातातलं काम थांबायचं ते एकाच माणसाचं, सूनबाईचं. भाऊंच्या मुलाची ही बायको लग्न होऊन आली, तेव्हा या घरात तिच्याशी थट्टा करणारं माणूस म्हणजे फक्त आत्या. ‘तुझा नवरा आपल्या जुन्या इस्त्रीसारखा आहे गं,’ आत्याने पहिल्याच आठवड्यात तिला सांगून ठेवलं होतं, ‘गरम व्हायला तासभर, आणि तोवर लाइट जाते.’ सूनबाई हसून हसून बेजार झाली होती. परक्या घरात आपलं कुणीतरी आहे, हे तिला त्या दिवशी कळलं. ते माणूस आता भिंतीपलीकडे उशी दातांत धरून पडलं होतं.

दवाखान्यातून घरी येऊन पाहणाऱ्या नर्सबाई पहिल्यांदा आल्या, तेव्हा सगळ्यांना त्यांनी खोलीत बोलावलं. गोळ्या आत्याच्या पोटात टिकत नव्हत्या, म्हणून डॉक्टरांनी मॉर्फिनचं इंजेक्शन लिहून दिलं होतं. नर्सबाईंनी आत्याच्या दंडावर कातडीखाली एक बारीक सुई बसवली, तिची नळी चिकटपट्टीने नीट बांधली आणि सूनबाईला शिकवलं. कुपी कशी फोडायची, सिरिंजमध्ये औषध कसं ओढायचं, नळीचं टोपण काढून हळूहळू कसं सोडायचं. नळी असल्यामुळे दर वेळी टोचावं लागणार नव्हतं. सूनबाईने सिरिंज दोनदा उचलून दोनदा खाली ठेवली. आत्या म्हणाली, ‘घाबरतेस काय, सुईच आहे. मी जन्मभर तेच केलं.’

मग नर्सबाईंनी बजावलं. दर चार तासांनी एक कुपी, दुखत असो वा नसो. ओरडेपर्यंत थांबायचं नाही, कारण एकदा दुखणं डोक्यावर बसलं की उतरवायला नाकी नऊ येतात. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन देऊन भरपाई करायची नाही. झोपेच्या गोळ्या, दारू, दुसऱ्या कुणाचं उरलेलं औषध, काही म्हणजे काही सोबत द्यायचं नाही. देणारा हात एकच असावा, आणि दिलं की वेळ मी भिंतीवर लावलेल्या या कागदावर तिथल्या तिथे लिहायची, म्हणजे घरातल्या कुणालाही दिसेल. कुप्या कुलपात ठेवायच्या, रिकाम्या मला परत करायच्या. आणि पेशंट हाक मारून, हलवून जागं होत नसेल, श्वास फार सावकाश चालला असेल, घशात घरघर लागली असेल, तर माझीही वाट न बघता ॲम्ब्युलन्स बोलवायची. यावर उतारा असतो, पण तो वेळेवर मिळावा लागतो.

‘आणि याची सवय लागेल, व्यसन लागेल, ते डोक्यातून काढा,’ त्या भाऊंकडे बघून म्हणाल्या. ‘वेळेवर दिलं, मापात दिलं, तर त्या उठून बसतील, दोन घास खातील. दुखणं सोसण्यात काही पुण्य नाही.’

भाऊ हो हो म्हणत होते. नर्सबाई गल्लीच्या बाहेर पडल्या, तशी त्यांनी कुप्यांची पेटी उचलून आपल्या कपाटात ठेवली आणि भिंतीवरचा कागद काढून चुलीत घातला. कुणाच्या नजरेला पडला तर आयती बोंब होईल, असं त्यांचं म्हणणं. कपाटाची किल्ली नेहमीप्रमाणे भाऊंच्या बायकोच्या, म्हणजे सासूबाईंच्या कमरेला.

आता भाऊ काही राक्षस नव्हते, हे सांगायला हवं. राक्षस असते तर गोष्ट सोपी होती. ते दुकानदार होते आणि दुकानाची रीत त्यांच्या हाडीमासी खिळली होती. डाग काढायचं जालीम औषध जपून वापरायचं, ही त्यांची रीत. कोटाच्या आतल्या अंगाला डाग असला तर पाण्याने पुसून सोडून द्यायचं, औषध फक्त लोकांना दिसेल त्या बाजूला. आणि डाग जुना असला तर औषधाचे दोन हात द्यायचे. याच हिशोबाने त्यांनी बहिणीचं दुखणं सांभाळायला घेतलं. घरात आपलीच माणसं असताना औषध कशाला खर्ची घालायचं? कुणी बाहेरचं येणार असलं, की मग सासूबाई कपाट उघडत आणि सूनबाईच्या हातावर एक कुपी ठेवली जाई. विम्याचा माणूस आला की एक. भाऊंचा मित्र गप्पा मारायला आला की एक. तो गेला की पुन्हा उशी आणि रेडिओ.

आत्या काही खुळी नव्हती. तिला आठवड्याभरात सगळं उमगलं.

‘आज कुणी येणार नाही का गं?’ तिने एका दुपारी विचारलं. कपाळ घामाने डबडबलं होतं. ‘कुणाला तरी बोलव ना. पलीकडची ती भांडखोर बाई आली तरी चालेल. मी तिला कुशीवर वळून ऐकेन हवं तर.’

हा विनोद होता. सूनबाईला हसू आलं नाही. माणसाला वेदना थांबवण्यासाठी पाहुण्यांची वाट बघावी लागते, आणि तेही स्वतःच्या भावाच्या घरात, ही गोष्ट तिच्या घशाखाली उतरेना.

त्या दिवशी ती प्रथमच सासऱ्यांसमोर उभी राहिली. नर्सबाईंनी दर चार तासांनी सांगितलंय, एवढंच म्हणाली. भाऊ चिडले नाहीत. नर्सबाईंचं काय जातंय, त्यांच्या घरी लग्नाची मुलगी आहे का, असं त्यांनी शांतपणे विचारलं. शिवाय रोज दिलं तर अंगवळणी पडेल, मग अडीनडीला चालायचंच नाही. ‘आमच्या आईने शेवटपर्यंत हूं का चूं केलं नाही,’ ते म्हणाले, ‘आमच्या घरातल्या बायका सोसणाऱ्या.’ नवऱ्याने शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवता फिरवता ऐकलं आणि मूग गिळून तीच कॉलर पुन्हा दाबत राहिला. खोलीत आल्यावर म्हणाला, बाबांच्या तोंडी कशाला लागतेस.

नर्सबाई पुढच्या फेरीला आल्या, तेव्हा भाऊ मुद्दाम दुकान सोडून आत येऊन बसले. औषध वेळच्या वेळी चाललंय ना, नर्सबाईंनी विचारलं. ‘घड्याळ लावून,’ भाऊ म्हणाले. नर्सबाईंनी सूनबाईकडे पाहिलं. कागद कुठे गेला, असंही विचारलं. पावसाच्या ओलीने खराब झाला, भाऊंनी सांगितलं, दुसरा लावतो. रिकाम्या कुप्या मोजक्याच निघाल्या, तेव्हा बाकीच्या चुकून केरात गेल्या म्हणाले. सूनबाईने तोंड उघडलं आणि मिटलं. आत्या तिच्याकडे बघत होती. ती नजर तिला पुढे कितीतरी दिवस जेवू देत नव्हती.

मार्ग काढला तो सासूबाईंनी, आणि तोही त्यांच्या पद्धतीने. भाऊ दुकानात असताना त्या स्वयंपाकघरात आल्या, कमरेची किल्ली काढून ओट्यावर ठेवली आणि भाजी निवडायला बसल्या. ‘मी काही बघितलं नाही,’ त्या खाली मान घालून म्हणाल्या. ‘यांना कळता कामा नये. कळलं तर तुझं तू बघ.’ नणंदेशी त्यांचं जन्मभर फारसं पटलं नव्हतं. पण आत्याच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत त्या झोपत होत्या आणि रात्रभर ते कण्हणं त्यांनाही ऐकू येत होतं.

मग औषध सुरू झालं, घड्याळाप्रमाणे, आणि चोरून. कपाटात कुप्या किती उरल्या ते सासूबाईच बघत, भाऊंनी त्या कधी मोजल्या नाहीत. भाऊंची पाहुण्यांपुरती कुपी सूनबाईच्याच हातात पडायची, तेव्हा ती मेळ घालून घ्यायची. नुकतंच दिलेलं असलं तर ती कुपी खिशात ठेवून वेळ झाल्यावर द्यायची. चार-पाच दिवसांत आत्याचा चेहरा बदलला. तिने वाटीभर खिमट खाल्लं. उशीला टेकून बसली. छकुलीला बोलावून तिचे केस विंचरून दिले, लहानपणी द्यायची तसे. एके दिवशी सूनबाईच्या पोलक्याची उसवलेली बाही मागून घेतली आणि म्हणाली, सुई ओवून दे, डोळे गेलेत पण बोटं शाबूत आहेत. रेडिओ बारीक झाला. भाऊंना वाटलं, बहिणीला सवय झाली सोसायची. त्यांनी बायकोजवळ समाधानाने तसं बोलूनही दाखवलं. सासूबाई भाजी निवडत राहिल्या.

इथेच सूनबाई चुकली, असं तिला पुढे वाटत राहिलं. चार दिवस बरे गेले, तेव्हाच नर्सबाईंना फोन करून सगळं सांगायला हवं होतं. पण चोरून का होईना, चाललंय ना, मग वादळ कशाला उठवा, असं तिने मनाला समजावलं. या घरात नांदून तीही थोडी या घरासारखी झाली होती.

छकुलीला बघायला मंडळी यायची ठरली ती दुपारची. स्थळ नामांकित होतं, मुलगा शिकलेला, घर मोठं. भाऊ सकाळपासून हवेत होते. दुकान बंद, पडदे धुतलेले, खुर्च्यांना नव्या खोळी. सूनबाईला हुकूम होता, की मंडळी उठेपर्यंत स्वयंपाकघर सोडायचं नाही. दुपारच्या कुपीची वेळ झाली तशी तिने किल्ली घेतली, आत्याला इंजेक्शन दिलं, रिकामी कुपी पुडीत बांधून ठेवली आणि कढईपाशी परत गेली. आता चार तास काळजी नाही, तोवर मंडळी उठतील, असा तिचा विचार. आत्या म्हणाली, ‘जा, मी आज अगदी शहाण्यासारखी वागते. छकुलीला म्हणावं, मुलाचे दात बघून घे.’

मंडळी यायला थोडा वेळ होता. भाऊंच्या मनात पाल चुकचुकली. मधेच कण्हली तर? आज रेडिओ लावायचीही सोय नव्हती. त्यांनी बायकोकडे किल्ली मागितली आणि स्वतः दोन कुप्या काढल्या. नळीतून औषध सोडताना त्यांनी अनेकदा पाहिलं होतं, त्यात काय मोठंसं! आत्या डुलकीत होती. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

‘दोन?’ त्या म्हणाल्या.

‘जुना डाग आहे,’ भाऊ म्हणाले. ‘दोन हात दिल्याशिवाय भागायचं नाही. दुपारभर निवांत पडेल.’

सासूबाईंना ठाऊक होतं, की सूनबाई आत्ताच एक देऊन गेली आहे. ते सांगायचं तर किल्लीचं सांगावं लागलं असतं. तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, भाऊंनी घाईघाईने सिरिंज दाबली, एकामागून एक दोन्ही, आणि केस सारखे करत बैठकीच्या खोलीकडे गेले. सासूबाई त्यांच्या मागून गेल्या.

बैठक रंगली. मुलाची आई बोलकी होती, वडील कमी बोलत आणि जास्त खात. मुलगा बरा होता. विचारलेल्या प्रश्नांची छकुलीने उत्तरं दिली. घर किती शांत आहे तुमचं, मुलाची आई म्हणाली, आमच्याकडे रस्त्याचा गोंगाट. भाऊ कृतार्थ झाले.

तेवढ्यात आतून घोरण्यासारखा आवाज आला. लांब, ओलसर, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा. मुलाच्या वडिलांनी खाणं थांबवून भुवया उंचावल्या.

‘आमची कामवाली,’ भाऊ हसून म्हणाले. ‘जेवली की मागे ताणून देते.’

सगळे हसले. छकुली हसली नाही. सूनबाईने स्वयंपाकघरातून तो आवाजही ऐकला आणि ते वाक्यही. तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्याहून जास्त तिला भीती वाटली, कारण तिने घोरणं आणि घरघर यातला फरक नर्सबाईंकडून ऐकला होता. ती मागे निघाली. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन आडव्या आल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ‘आधी हा चहा देऊन ये,’ त्या म्हणाल्या. सूनबाईने ट्रे घेतला. कप मांडले, साखर विचारली, मुलाच्या आईने तिच्या माहेरची चौकशी केली त्याची उत्तरं दिली. तो चहा तिने का दिला, हे तिला आजही सांगता येत नाही.

मग ती खोलीत गेली. खिडकीच्या कट्ट्यावर फोडलेल्या दोन कुप्या होत्या. आत्याचे ओठ निळसर, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी. सूनबाईने हाक मारली, गाल थोपटले, खांदे धरून गदागदा हलवलं. एक श्वास, मग काहीच नाही. मग खूप वेळाने दुसरा.

तिने भाऊंना आत बोलावलं. त्यांनी पाहिलं, आणि पाहिल्यावर त्यांनाही कळलं, यात शंका नाही. पण ते म्हणाले, ‘मंडळी निघतीलच आता. त्यांची गाडी वळू दे कोपऱ्यावरून, मग बोलवू.’

‘बाबा, श्वास थांबतोय.’

‘पाच मिनिटं. दारात ॲम्ब्युलन्स आली तर पोरीचं वाटोळं होईल.’ आणि त्यांनी तिच्या हातातला मोबाईल काढून घेऊन खिशात टाकला.

सूनबाईने आत्याला कुशीवर वळवलं. मग ती सरळ चालत बैठकीच्या खोलीतून, मंडळींच्या समोरून दुकानात गेली आणि गल्ल्यावरचा फोन उचलला. पलीकडचा माणूस प्रश्न विचारत होता, ती मोठ्याने उत्तरं देत होती. बैठकीत मुलाच्या आईने कप खाली ठेवला.

‘कॅन्सर आहे. हो, मणक्यात. मॉर्फिनचं इंजेक्शन. तीन कुप्या गेल्यात, एक मी दिली, दोन सासऱ्यांनी. नाही, जाग्या होत नाहीत. श्वास मोजता येतील इतके कमी. कोण म्हणजे? माझ्या आत्या. सासऱ्यांची सख्खी बहीण. याच घरात राहतात.’

मुलाची आई उठली. उशीर झाला, असं काहीतरी म्हणाली. सूनबाईने फोन ठेवून त्यांना विनवलं, तुमची गाडी दारात आहे, दवाखाना जवळ आहे. मुलाच्या वडिलांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने दाराकडे. मुलगा मात्र जागचा हलला नाही. गाडी देऊ या, तो म्हणाला, पण ते त्याने इतक्या हळू म्हटलं, की त्याच्या आईला न ऐकल्यासारखं करता आलं. मंडळी निघून गेली. गाडी कोपऱ्यावरून वळली. छकुली त्याआधीच खुर्चीतून उठून आत गेली होती आणि आत्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

ॲम्ब्युलन्स आली, त्यातल्या माणसांनी नळीतून उतारा दिला, छाती दाबली, आत्याला उचलून नेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तिथल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी विचारलं, औषध कुणी दिलं, किती, केव्हा. भाऊंना तोवर कंठ फुटला होता. औषध आमच्या सूनबाईकडे असतं, ते म्हणाले, ती चोरून देत होती असं आता कळतंय, आम्ही तरी काय करणार.

‘दुपारचं पहिलं मी दिलं,’ सूनबाई म्हणाली. ‘त्याच्या वेळेला, पण चोरून. हे खरं आहे, लिहून घ्या. दोन बाबांनी दिली.’

‘कोण म्हणतं मी दिली?’

नवरा भिंतीकडे बघत होता. बाकावर बसलेल्या सासूबाईंनी डोकं वर केलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या बोलण्यावर चारचौघांत त्या कधी बोलल्या नव्हत्या.

‘मी म्हणते,’ त्या म्हणाल्या. ‘मी दारात उभी होते. हिने आधी एक दिलंय, हे मला माहीत होतं. किल्ली मीच दिली होती. यांना एवढं सांगितलं असतं तर त्यांनी दोन दिली नसती. मी बोलले नाही.’

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, की हे औषध वाईट नाही, माझ्या वॉर्डात आज कितीतरी माणसं याच्याच जोरावर सुखाने जेवली आहेत. चोरून देणारा एक हात आणि लपवून देणारा दुसरा, अशा घरात कुठलंही औषध विषच होतं. त्या पुढेही काही बोलणार होत्या, पण भाऊ मधेच म्हणाले, हे सगळं पोलिसांपर्यंत जाणार का, बाहेर कळेल का. बहिणीचं प्रेत शेजारच्या खोलीत होतं आणि भाऊंना काळजी होती ती बाहेर कळण्याची.

‘कळेल,’ सूनबाई म्हणाली. ‘जो विचारेल त्याला मी सांगणार आहे.’

आणि तिने सांगितलं. चौकशी व्हायची ती झाली, भाऊंना फेऱ्या माराव्या लागल्या, सूनबाईलाही माराव्या लागल्या. नर्सबाई आल्या तेव्हा तिने त्यांचे हात धरून सगळं सांगितलं, आपलं गप्प बसणंही. शेजारणी भेटायला आल्या. हवापालटाला गेलेली आत्या भिंतीपलीकडेच होती, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं, असं त्यांतल्या दोघीतिघी म्हणाल्या, ज्यांच्या खिडक्या मागच्या खोलीसमोर उघडतात. सुटली बिचारी, प्रत्येक जण म्हणे. भाऊ मान हलवत. छकुलीचं ठरता ठरता मोडलं, यावर तर बायका मनापासून हळहळल्या. आत्यासाठी इतकं कुणी हळहळलं नाही.

‘सुटल्या नाहीत,’ सूनबाई दर वेळी म्हणे. ‘आम्ही त्यांना आधी दुखत ठेवलं आणि मग गप्प केलं. औषध घरात होतं.’

ऐकणाऱ्या बायका चपला घालून निघून जात. सून चढेल आहे, असा बोभाटा झाला. भाऊ तिच्याशी बोलेनासे झाले. गिऱ्हाईक घटलं. नवऱ्याने एकदा विनवलं, आता पुरे कर. तिने पुरे केलं नाही.

मग एका दुपारी मागच्या दारावर टकटक झाली. पलीकडची ती भांडखोर बाई. एरवी गल्लीभर ऐकू जाणारा तिचा आवाज आज अगदी खाली आला होता. तिने आधी मागेपुढे पाहिलं.

‘ते इंजेक्शन देतात ना, दुखायचं थांबायला,’ ती पुटपुटली. ‘ते कसं द्यायचं गं? कुणाला सांगू नकोस हं. आमच्याकडेही आहेत, माझ्या सासूबाई. आतल्या खोलीत. मुलाचं लग्न व्हायचंय अजून, म्हणून आम्ही…’

सूनबाईला तिच्या तोंडावर दार लावावंसं वाटलं. तिला रडूही आलं. तिने उंबऱ्यावर बसून डोळे पुसले आणि आत येऊ घातलेल्या त्या बाईला हाताने तिथेच थांबवलं.

‘आधी त्यांना पुढच्या खोलीत आणा,’ ती गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. ‘मग मी येते शिकवायला.’